हाव कमी कर, पदर आवर

लेले बाई मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी त्यांच्याशी एकच वाक्य बोलले आणि त्यांनी ते दुरुस्त करून मला परत दिलं.

रविवार होता. दार उघडलं तर समोरच्या फ्लॅटमधल्या आजी. (मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणायचे. तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही, ते बरंच झालं.) इस्त्रीची सुती साडी, पायात सपाता, आणि हातात पेन ड्राइव्हपेक्षा थोडी मोठी अशी एक काळी डबी, तिला लोंबणारी वायर.

"तू कॉम्प्युटरमधली ना?"

"हो. काय झालं? थांबा, मी तुमची मदत करते."

"तुमची नाही. तुम्हाला."

"अं?"

"तुम्हाला मदत करते. तुमची मदत करते हे हिंदी झालं. येऊ का आत?"

आणि आल्या. माझ्या खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर ठेवले, खुर्चीत बसल्या, आणि ती डबी माझ्या लॅपटॉपशेजारी अशी ठेवली की जणू मीच ती मागवली होती.

बाई पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. रिटायर झाल्यावर मुलाने विश्रांतवाडीत हा फ्लॅट घेऊन दिला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण लक्ष्मी रोडला जायला निघाल्या तरी त्या म्हणायच्या, "जरा पुण्यात जाऊन येते." मी म्हटलं बाई, हेही पुणेच आहे. तर म्हणाल्या, "कॉर्पोरेशनचं म्हणणं आहे तसं." मी हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, हे सांगितल्यावर म्हणाल्या, "मी तेच करायचे. पगार कमी होता." मी टाइप करायला लागले की त्या माझ्या बोटांकडे बघत राहायच्या. त्यांनी माझं नाव टायपिस्ट ठेवलं. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला अजून शंका आहे.

तर प्रकरण असं होतं. बाईंची धाकटी बहीण, मालती म्हणजे माली, ही बाईंच्या माहेरी कृष्णाकाठी राहते आणि तिथल्या रेडिओ केंद्रावर निवेदन करते. पक्की नोकरी नाही, बोलावतील तेव्हा जायचं. दर गुरुवारी दुपारी बायकांसाठीचा कार्यक्रम तिचा. कित्येक वर्षं. आणि एवढ्या वर्षांत बाईंनी तो एकदासुद्धा ऐकलेला नव्हता. गुरुवारी दुपारी शाळा असायची, मग घरातला रेडिओ बिघडला, मग नुसतंच राहून गेलं.

"माझी बहीण रेडिओवर कोशिंबीर करते, असं मी स्टाफरूममध्ये सांगायचे," बाई म्हणाल्या. "सगळ्या हसायच्या. वाक्य चांगलं होतं."

आता मालीमावशींचे गुडघे गेले होते. केंद्राचा जिना चढवत नव्हता. महिनाअखेरीस त्या माइक सोडणार होत्या आणि तसा त्यांचा मेसेज आला होता: ताई, आता थोडेच गुरुवार.

बाईंना मालीला ऐकायचं होतं. रेडिओवर, ती बोलत असताना, एकदा तरी. एवढंच.

मला वाटलं दोन मिनिटांचं काम आहे. ॲप असेल, म्हटलं. ॲपवर ते केंद्र नव्हतं. मग म्हटलं त्यांना रेकॉर्डिंग पाठवायला सांगा. ते मालीमावशींनी पाठवून झालं होतं, पण मोबाइलवर बाईंना कुणाचंच बोलणं कळत नाही. "सगळी माणसं उशीत तोंड घालून बोलतात," त्या म्हणाल्या. बाईंना कमी ऐकू येत होतं आणि हे त्या स्वतःच सांगून टाकायच्या. "ओरडू नकोस, ओरडणारी मुलं मी वर्गाबाहेर काढलेली आहेत. स्पष्ट बोल." त्यातही स आणि श त्यांच्या कानातून पूर्ण गेले होते. साखर म्हटलं तर आखर ऐकू यायचं, शाळा म्हटलं तर आळा. बाकीचं त्या अंदाजाने भरून घ्यायच्या. "गाळलेल्या जागा भरा," म्हणायच्या, "जन्मभर दुसऱ्यांना दिल्या, आता माझी पाळी."

श्रवणयंत्रं होती. मुलाने, श्रीरंगदादाने, बंगळूरहून पाठवलेली, शेंगदाण्याएवढी दोन, पांढऱ्या डबीत, डबीला हिरवा दिवा. बाईंनी ती एकदा घातली होती आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी डोक्यात पडल्यासारखं वाटून काढून ठेवली होती. डबी कायम फळीवर, प्लगला लावलेली. रविवारी श्रीरंगदादाचा व्हिडिओ कॉल आला की बाई फोन अशा बेताने धरायच्या की मागचा हिरवा दिवा दिसलाच पाहिजे.

"आई, वापरतेस ना?"

"चार्ज होतायत."

मी शेजारी बसून हे ऐकलंय. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

असो. साधा रेडिओ आणून झाला होता, त्यात नुसती खरखर. त्या खरखरीत कुणी बोलतंय की नाही, तेच बाईंना समजत नव्हतं. मग पेपरच्या पुरवणीत त्यांनी वाचलं की एक रेडिओ असा असतो की त्याला ना काटा ना बटण, ती डबी कॉम्प्युटरला लावायची, बाकी सगळं कॉम्प्युटर करतो, आवाज ऐकवतो आणि शिवाय दाखवतो.

"दाखवतो," बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत परत म्हणाल्या, "दाखवतो म्हणे."

मी अशी आहे की मला एखाद्या गोष्टीतलं काहीही कळत नसलं की मी आधी हो म्हणते. हो म्हटलं. बाईंकडे श्रीरंगदादाचा जुना लॅपटॉप होता, त्याची बॅटरी मेलेली, प्लग काढला की बंद. तो उघडून मी व्हिडिओ बघायला लागले. पहिल्याच व्हिडिओत सांगितलं, कॉम्प्युटर या डबीला टीव्हीची डबी समजतो, म्हणून आधी तिचा ड्रायव्हर बदला.

"ड्रायव्हर बदलायला लागेल," मी म्हटलं.

"का? आधीचा पिऊन येतो?"

मी हसत हसत यादीतून एक नाव निवडलं आणि बटण दाबलं. यादीत चार-पाच नावं होती, सगळी अगम्य, मला जे त्यातल्या त्यात रेडिओसारखं वाटलं ते मी घेतलं. तो माऊस होता. मी माऊसला रेडिओ करून टाकलं. बाण जागच्या जागी थिजला, काही हलेना. मी कीबोर्डवरून धडपडत होते, घाम फुटला होता, सॉरी बाई सॉरी बाई चालू होतं, आणि बाई शांतपणे उठून चहा टाकायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "उंदीर मेलाय, त्याची शोकसभा नको. दुसरा आण."

दुसरा आणला.

मग सॉफ्टवेअर उघडलं आणि खरा गोंधळ सुरू झाला, कारण स्क्रीनवर इतकी बटणं होती आणि त्यातल्या एकाचंही नाव मला कळत नव्हतं. रोज मी ऑफिसमध्ये बटणंच बघते, तरी. वर एक थरथरणारी रेघ, खाली निळ्या-पिवळ्या रंगाचं काहीतरी वरून खाली सरकत जाणारं. त्याला वॉटरफॉल म्हणतात, मी वाचून सांगितलं, धबधबा.

"धबधबा धबधब आवाज करतो म्हणून धबधबा," बाई म्हणाल्या. "हा मुका आहे. हा गालिचा आहे, बघ, एकेक ओळ विणली जातेय."

आणि तो गालिचा झाला. बाईंचं असंच होतं. परका शब्द घरात आला की त्याला पाय धुवायला लावायच्या. गेन म्हणजे काय ते मी कुठेतरी वाचून त्यांना समजावलं, की आलेला आवाज किती मोठा करून घ्यायचा ते, आणि जास्त केला तर सगळंच एकमेकांत मिसळून जातं, काहीच धड मिळत नाही. "म्हणजे हाव," बाई म्हणाल्या. बँडविड्थ, म्हणजे मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना किती रुंद ऐकायचं, तो झाला पदर. आवाज नसेल तेव्हा गप्प बसवायचं एक बटण होतं, ते झालं चूप. यामुळे आमचं दोघींचं छान जमायला लागलं आणि माझी पंचाईत झाली, कारण रात्री मी फोरमवर काही विचारायला गेले की मला इंग्लिश शब्दच आठवेनात. एकदा तिथे कुणीतरी मला विचारलं, तुमचं गेन सेटिंग काय आहे, आणि मी दोन मिनिटं विचार करत बसले की गेन म्हणजे हाव की पदर.

पहिलं काही लागलं ते एफएमचं स्टेशन, सिनेमाची गाणी. मी उड्या मारल्या. बाईंनी स्क्रीनकडे बघून विचारलं, "शब्द सांग."

"गाण्याचे?"

"आवाजाचा. कसा आहे? खणखणीत, कुरकुरीत, घुमणारा? तुझा शब्द सांग."

हे त्यांचं कायम. मी ऐकायचं, शब्द सांगायचा, आणि त्या त्या शब्दाकडे आणि गालिच्याकडे आलटून पालटून बघायच्या. आधी मला वाटलं शिकवणी चाललीय. मी एकदा तीन वेगवेगळ्या आवाजांना खरखरच म्हटलं तर रागावल्या. "खरखर वेगळी, चरचर वेगळी, सरसर वेगळी. सापाला खरखर करायला लावशील का? नीट ऐक. मला ऐकू येत नाही, तुला येतं, निदान तू तरी वाया घालवू नकोस." तेव्हा मला कळलं की त्या चित्र पाठ करतायत. या शब्दाचं चित्र असं, त्या शब्दाचं तसं. मी डिक्शनरी होते.

पण मालीचं केंद्र काही लागेना. पहिला गुरुवार असाच गेला. मी गुरुवारी घरून काम करते, लंच ब्रेकमध्ये मी बाईंकडे, मालीच्या केंद्राचा आकडा टाइप केलेला, गालिचा नुसता निळा. मी पुन्हा टाइप केला. पुन्हा निळा. बाई खुर्चीत ताठ बसून होत्या, कार्यक्रम संपायची वेळ झाल्यावर त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "झाली कोशिंबीर."

नंतर कळलं की ही डबी मुळात इतक्या खालच्या पट्ट्यात जातच नाही, त्यासाठी सेटिंगमध्ये एका कोपऱ्यात क्यू नावाचा पर्याय निवडावा लागतो. का क्यू, ते मला आजही माहीत नाही. "रांगेतच उभं राहायचं होतं, तर आधी सांगायचं," बाई म्हणाल्या. शिवाय डबीबरोबर आलेली वीतभर एरियल कामाची नव्हती, लांब तार हवी होती. बाईंनी गच्चीवरची स्वतःची कपडे वाळत घालायची तार मला दाखवली. तिचं टोक खाली सोडून खिडकीतून आत घेतलं, डबीला जोडलं, आणि क्यूवर गेल्यावर एकदम सगळा गालिचा भरून आला.

कशाने, तर आवाजाने. पण बोलण्याच्या नाही. जाड जाड पट्टे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"शब्द?"

"घूं… म्हणजे मोठी माशी असते ना."

"गुणगुण की भुणभुण?"

"काय फरक आहे?"

"गुणगुण माणूस स्वखुशीने करतो."

भुणभुण होती. मालीचं केंद्र जिथे असायला हवं, नेमकी तिथे सगळ्यात जास्त. दुसरा गुरुवार त्या भुणभुणीने खाल्ला. मी वाचलं होतं की घरातले चार्जर, दिवे, लिफ्ट, कशानेही असं होतं, आणि ते मी बाईंना सांगितलं, ही माझी चूक झाली, कारण दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज आला: "या इमारतीत कोणाकडे तरी विजेचे असे उपकरण आहे जे दुपारी भुणभुणते. ज्यांना त्याचा त्रास होत नाही त्यांच्याकडेच ते असावे."

बाईंचा संशय वरच्या मजल्यावरच्या शिंदे काकांवर होता, कारण त्यांनी नुकतीच इलेक्ट्रिक स्कूटर घेतली होती. ही सोसायटी ज्या जमिनीवर आहे ती शिंदे काकांच्या वडिलांची, तिथे त्यांची ज्वारी असायची, त्यामुळे काका अजूनही पार्किंगमध्ये शेताच्या बांधावर उभं राहावं तसे उभे असतात. बाईंनी त्यांना तिथेच गाठलं.

"तुमची स्कूटर भुणभुण करते."

"बाई, तिचा आवाजच न्हाई. पोरं मागनं येऊन धडकत्यात."

"चार्ज होताना."

"रातच्याला चार्ज हुती. दुपारी मी तिच्यावर बसून भाईर असतो. बघा, आत्ता तरी कुठं भुणभुणती का, कान लावा."

हे म्हटल्यावर काकांना कळलं की आपण काय बोललो. बाई म्हणाल्या, "लावला असता, पण गळतो," आणि जिन्याकडे वळल्या.

जिन्यात मी म्हटलं, बाई, तुम्ही त्यांचं बोलणं कधी दुरुस्त करत नाही. माझं मात्र प्रत्येक वाक्य. तर म्हणाल्या, "त्यांची बोली आहे, आणि ती शुद्ध आहे. तुझं नुसतं मोडलंय."

नंतर एक दिवस शिंदे काकांचा लेंगा आमच्या एरियलवर वाळत होता. मुद्दाम की चुकून, कळलं नाही. बाईंनी तो घडी करून त्यांच्या दाराला अडकवला.

मी बाईंना एकदा विचारलं होतं, एवढं कशाला, माहेरी जाऊन मालीमावशींना भेटाच ना, समोर बसून बोला. "समोर ती माझ्याशी बोलते," बाई म्हणाल्या. "माझ्याशी बोलताना ती जपून बोलते. मी दुरुस्त करेन म्हणून. मला ती इतरांशी बोलताना ऐकायचीय." मला तेव्हा हे नीट समजलं नाही. अजूनही पूर्ण समजलंय असं नाही.

तिसऱ्या गुरुवारी लाइट गेली. पुण्यात गुरुवारी लाइट जाते, त्याचं कुणाला काही वाटत नाही, मेसेज येतो, आपण फोन चार्ज करून ठेवतो. मी विसरले होते. ऑफिसची मीटिंग मधेच तुटली, तर मी माझा स्वतःचा लॅपटॉप घेऊन बाईंकडे गेले, कारण त्यांचा बॅटरीअभावी बंद पडला होता. सगळं लोड केलेलंच होतं माझ्या लॅपटॉपवरही, डबी लावली, क्यू केलं, आकडा टाइप केला.

गालिचा गडद निळा, जवळजवळ काळा. स्वच्छ, मोकळा, रात्रीच्या आभाळासारखा. आणि मधोमध एक सरळ रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना झालर, येते, जाते, येते, थांबते.

माझ्या आधी बाईंनी बघितलं. "हे कुणीतरी बोलतंय," त्या म्हणाल्या.

मी आवाज वाढवला. खरंच बोलत होतं. खरखरीच्या मागे, लांबून, एक बाईचा आवाज.

"बाई की पुरुष?"

"बाई. बाई, बाई आहे."

"दोनदा का म्हणतेस? काय म्हणतेय?"

"शेवग्याच्या शेंगांबद्दल… आणि आता म्हणतेय, श्रोतेहो."

त्या म्हणण्याबरोबर झालर एकदम फाकली, पदर पसरावा तशी, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि परत मिटली. बाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा श आहे?" मी म्हटलं थांबा. पुढचं वाक्य ऐकलं, त्यात सासूबाई आल्या, झालर पुन्हा फाकली, दोनदा. "आणि हा स," बाई म्हणाल्या. "इथे आहेत होय. कानातून निघून इथे येऊन बसलेत."

त्यांना शब्द ऐकू येत नव्हते. नुसता लांबचा गलका. पण त्या बघत होत्या. मी वाक्यं सांगत होते आणि त्या बोटाने ओळी मोजल्यासारखं करत होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "आणिच्या आधी थांबते बघ. लहानपणापासून. आणिच्या आधी श्वास घेते."

तेवढ्यात पंखा फिरायला लागला. फ्रिज घुरघुरला. आणि गालिच्यावर जाड पट्टे, भुणभुण, माली गायब.

आम्ही दोघी फळीकडे बघत होतो, कारण सगळ्यात आधी तोच लागला होता. हिरवा दिवा.

मी मीटर बोर्डाकडे जाऊन बाईंच्या घराचा मेन स्विच बंद केला, बाकी सगळ्या इमारतीत लाइट होती, आणि गालिचा पुन्हा काळा झाला. मेन चालू करून मग एकेक बंद केलं. फ्रिज, ट्यूब, सेट टॉप बॉक्स. काही फरक नाही. शेवटी पांढऱ्या डबीचा प्लग राहिला. मूळ चार्जर बंगळूरलाच राहून गेला होता म्हणून बाईंनी चौकातून कुठलातरी स्वस्तातला आणून लावला होता. मी तो उपटला.

झालर. पण तोपर्यंत कार्यक्रम संपून बाजारभाव लागले होते.

बाई मोबाइल घेऊन ग्रुपवर एका बोटाने लिहायला लागल्या. मी म्हटलं द्या, मी टाइप करते. दिला नाही. "गेले काही दिवस इमारतीत होणाऱ्या भुणभुणीचा उगम माझ्याच घरात सापडला आहे. श्री. शिंदे यांची व त्यांच्या स्कूटरची मी क्षमा मागते." त्यावर शिंदे काकांचा रिप्लाय लगेच आला: "स्कूटरला सांगितलं. ती रुसली हाय."

राहिला शेवटचा गुरुवार. आता यात प्रॉब्लेम काय, प्लग काढून ठेवायचा, असं मला वाटलं. बाईंच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. रविवारी श्रीरंग फोन करणार. दिवा दिसणार नाही. तो विचारणार. "चार्ज होतायत म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि दुसरं काही सुचत नाही."

"रविवारपुरता लावा ना परत."

"म्हणजे रविवारी लबाडी आणि गुरुवारी माली. असं वाटून घ्यायचं?"

मला तर्क कळत नव्हता. इतकी वर्षं तीच लबाडी चालली होती. पण बाईंना बहुतेक ती लबाडी वाटत नव्हती, वाक्य खरं असेपर्यंत. आता वाक्य खरं राहणार नव्हतं.

बाई आता माहेरी आहेत. चार दिवस म्हणून गेल्या, मालीमावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या राहिल्या. श्रीरंगदादा फ्लॅट भाड्याने द्यायचं म्हणतोय. डबी माझ्याकडे ठेवून गेल्या आहेत. मी ती अधूनमधून लावते, मला अजूनही निम्मी बटणं कळत नाहीत, सॅम्पल रेट म्हणजे काय ते मी तीन वेळा वाचलंय आणि तीन वेळा विसरलेय. मला बाई आठवतात त्या त्या शेवटच्या गुरुवारच्या.

मी गेले तर दार उघडंच होतं. लॅपटॉप मांडलेला, तार जोडलेली, फळीवर पांढरी डबी उघडी आणि रिकामी. मी रिकाम्या डबीकडे बघितलं, मग बाईंकडे. त्यांच्या कानांवर दोन बारीक तारा होत्या.

"ठेवायची कुठे ती," बाई म्हणाल्या. "डबीत ठेवून उपयोग नाही, चार्ज होणार नाहीत. हळू बोल, तू भांड्यासारखी वाजतेस."

मी हळू बोलले. आकडा टाइप केला, तर टक टक टक टक झालं आणि त्यांनी दचकून माझ्या बोटांकडे बघितलं. इतके दिवस त्या नुसती बोटं बघत होत्या. "असा आवाज करतेस होय," त्या म्हणाल्या.

रेघ आली. झालर आली. मी हाव वाढवत होते तर त्यांनी माझा हात धरला. "कमी कर. पदर आवर जरा. हां."

मालीमावशींचा आवाज खरखरीतून वर आला, बारीक, पण नीट. निरोपाचा कार्यक्रम होता. मी सवयीने सांगायला लागले, बाई, त्या म्हणतायत की, आणि बाईंनी हात वर केला. गप्प. वर्गात करायच्या तसा.

बाई पुढे वाकल्या होत्या. एक बोट स्क्रीनवर, झालरीच्या कडेने खाली खाली येणारं. श आला की बोट थोडं थांबायचं. जवळच्या विमानतळावर एक विमान उतरत होतं, त्यांनी वर बघितलं, कपाळाला आठी घातली, पुन्हा स्क्रीनकडे वळल्या. मालीमावशी म्हणत होत्या की मी काही शिकलेली निवेदिका नव्हे, चुकतमाकत बोलत आले. मग त्या थांबल्या. झालर मिटली, नुसती रेघ राहिली, आणि बाईंच्या ओठांवर मी स्पष्ट बघितलं, त्या आवाज न करता म्हणत होत्या, आणि.

"आणि," मालीमावशी म्हणाल्या, "एवढी वर्षं तुम्ही सगळ्यांनी माझी खूप मदत केलीत."

"मला," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, बोट स्क्रीनवरून काढलं नाही.

"माझी नाही, माले. मला. मला मदत केलीत."